दोन बोटं ऊन

जुबैलच्या प्रयोगशाळेत
माझ्याकडे एक कापड आहे, जे कापड नाही.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
चिमट्यात धरलं तर माझ्या श्वासानं थरथरतं.
त्याची भोकं कुणाला दिसत नाहीत,
पण पाण्याला ती बरोबर सापडतात.

जांभळ्यापलीकडचा दिवा लावला
की भोकांच्या काठावरचे रेणू गुडघे मोडून बसतात,
पंगतीत एकाला जागा करून द्यावी तसे,
आणि वाट रुंदावते.
निळा लावला की पुन्हा ताठ उभे.
मधल्या वेळात कोण गेलं, कोण अडलं,
ते मी वहीत लिहिते.

इचलकरंजीत अण्णा रंगाच्या हौदावर होते.
सोमवारी हात लाल, गुरुवारी नारिंगी,
माझ्या बारशाच्या फोटोत मनगटापर्यंत पिवळे.
बघणाऱ्यांना वाटतं, हळद.
कारखान्यामागचा ओढा
त्या त्या दिवसाचं लुगडं नेसायचा,
आणि आम्ही पोरं पुलावरून सांगायचो
आज कुठल्या पेठेची ऑर्डर निघाली.

हे मध्येच का आलं, तर
माझ्या कापडातले हे वाकणारे रेणू
त्याच लाल-नारिंगी-पिवळ्यांच्या भावकीतले.
दोन कडी, मध्ये नायट्रोजनची जोडी.
ही रचना पहिल्यांदा फळ्यावर पाहिली तेव्हा
वर्गात मला अण्णांच्या बादलीचा वास आला.
कुणाला बोलले नाही.
प्रबंधात वासाचा रकाना नसतो.

चाचणीसाठी मी पाण्यात दोन रंग सोडते,
थोराड तांबडा आणि चिंगळीएवढा पिवळा.
पिवळा निसटतो, तांबडा खेटून राहतो.
दिवा बदलला की दोघेही पार.

जुलैतली गोष्ट. बारा ते तीन
उन्हात काम करायला इथं बंदी असते,
म्हणून काचा पुसणारा मोकद्दस सावलीला आत आला,
आणि बाहेर आपली शिडी आहे ना, हे बघायला
त्यानं खिडकीचा काळा पडदा
दोन बोटं सरकवला.

मी आणि नूफ अल-दोसरी चहा घेऊन परतलो
तर पडद्यावरची रेघ भलत्याच ठिकाणी,
वरही नाही, खालीही नाही.
नूफ म्हणाली, या रब्बी.
चौदा तासांचं काम.
"मॅडम, कुछ बिगड गया?"
त्याच्या हातातलं फडकं टपटपत होतं.

बिघडलं होतंच.
निळा दिवा चालू होता, आणि त्यावर हे ऊन,
ज्याच्या पोटात सगळेच दिवे असतात.
काही रेणू बसलेले, काही उभे,
काही बसता बसता उठलेले.
वाट अर्धी.
तांबडा येत होता, पण सुतासारखा, एकेक.

अशी अर्धी वाट
आम्ही वर्षभर दिव्यांची बटणं फिरवून शोधत होतो.

"भाई, अजून एक बोट सरकव."
तो पडद्याशी, नूफ आकडे सांगतेय, मी लिहितेय.
एक बोट. तीन. अडीच.
अडीचला रेघ थांबली, तशी आम्ही तिघंही.
मग तीन वाजले आणि तो शिडी चढून गेला,
काचेपलीकडून आम्हाला पुसू लागला.

वहीत साधनांपुढे मी लिहिलं:
निळा दिवा, ऊन, मोकद्दसची बोटं.
नूफनं तिसरं खोडलं.
मी ते पेन्सिलीनं परत लिहिलं.

रात्री अण्णांना फोटो पाठवला,
दोन बाटल्या, एकीत पिवळं, एकीत तांबडं.
बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या उभ्या.
मग फोन.
रंग चांगला उतरलाय, म्हणाले.
मग थोडं खोकून,
"आन् त्ये उरल्यालं पाणी कुठं सोडतासा?"

मोरीशेजारी तांबड्याची चार कॅनं आहेत.
प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख,
आणि कुठे पाठवायचं त्या ओळीपुढे
अजून नुसती टिंबं.